दौलताबाद-खुलताबादला कुत्रं घेऊन जायचंय, कुणी गेलंय का?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत लातूरहून दौलताबाद, खुलताबाद, म्हैसमाळ असं दोन-तीन दिवस फिरायचं ठरतंय. आई, आम्ही दोघं, लेक आणि बिजली. बिजली म्हणजे आमची कारवानी जातीची कुत्री, जानवळची. तिला मागे ठेवून जाणं शक्य नाही. परक्याच्या हातचं ती खातच नाही, उपाशी बसते.

मला विचारायचंय ते असं:
किल्ल्यात कुत्र्याला सोडतात का? राहायला कुठे घेतात? आणि सासऱ्यांनी लहानपणी दौलताबादची द्राक्षं खाल्लीत, त्यांचं वर्णन ऐकून ऐकून लेकीला द्राक्षाचा मळा बघायचाच आहे. मळ्यात बिजलीला नेलं तर काही अडचण?

नवऱ्याचा चौथा प्रश्न आहे: द्राक्षं आहेत तर वाइन पण मिळत असेल ना? त्याला तुम्हीच उत्तर द्या, माझं तो ऐकत नाही.

ढोकीचा_पाव्हणा
आयडी मांजराकाठ आणि पाळलंय कुत्रं. आधी घरातला वाद मिटवा.

चिकलठाणेकर
ताई, किल्ल्याचं सरळ सांगतो. देवगिरी किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. संरक्षित स्मारकांसाठी १९५९ चे नियम आहेत. स्मारकाच्या देखभालीचं काम सोडून इतर कारणासाठी आत जनावर आणायला त्यात मनाई आहे. म्हणजे तिकीट खिडकीवर हुज्जत घालून उपयोग नाही, तो माणूस त्याचं काम करतोय. वेरूळ, बीबी का मकबरा, सगळीकडे तेच.

पण लोक एक गोष्ट विसरतात. दौलताबाद म्हणजे फक्त तिकिटाच्या आतला किल्ला नाही. सगळ्यात बाहेरचा तट, अंबरकोट, त्याच्या आत अख्खं जुनं शहर होतं. आजचं गावही त्याच तटात आहे. वेरूळकडे जाणारा रस्ता थेट दिल्ली दरवाजातून जातो. तटाकडेने सकाळी लवकर बिजलीला फिरवा, समोर डोंगर, चांद मिनार, सगळं दिसतं. मिनार दोनशे फुटांच्या आसपास उंच आहे, तो बघायला आत जावंच लागतं असं नाही. फक्त दरवाजापाशी ट्रक आणि बस एकमेकांसमोर अडकतात, तिथे कुत्रं हातात घट्ट धरा.

मोत्याची_आई
नियम कळला, पण आत गेलं की मेंढा तोफेच्या सावलीत, पायऱ्यांवर गावातली कुत्री आरामात झोपलेली असतात. त्यांना कुणी तिकीट विचारत नाही. पट्टा घातलेलं, लस टोचलेलं कुत्रं तेवढं चालत नाही. कामून?

चिकलठाणेकर
ती तिथली रहिवासी आहेत हो. तुम्ही पर्यटक.

रोखठोक
मला एक कळत नाही. कुत्र्याला चांद मिनारशी काय देणंघेणं? ते बिचारं गाडीत तासन्‌तास बसणार, अनोळखी ठिकाणी झोपणार, गावातल्या कुत्र्यांची टोळी अंगावर येणार. हौस आपली आणि हाल त्याचे. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये दिल्लीची माणसं उचलून याच गावात आणली होती, हे त्यातलंच. तीन दिवस एखादा ओळखीचा माणूस घरी बोलवा, तो भाकरी टाकेल.

मांजराकाठ
रोखठोक काका, भाकरी टाकून चालत असतं तर धागा कशाला काढला असता? आणि गाडीचं म्हणाल तर तिला खिडकी मिळाली की ती सोलापूरपर्यंत हूं की चूं करत नाही. कंटाळते ती घरी.

पश्मीवाला
जानवळची म्हणल्यावर धाग्यात यावंच लागलं. आमच्याकडे दोन पश्म्या आहेत, कानाला आणि शेपटीला झालर असलेल्या. कारवानी आणि पश्मी ही आपल्या लातूरकडची शान, लोक मात्र लॅब्राडॉरसाठी रांगा लावतात. असो.

ताई, ही नजरेनं शिकार करणारी जात. नाकापेक्षा डोळा चालतो. लांब ससा हलला की तुमची हाक तिच्या कानात शिरणारच नाही. दौलताबादला माकडं ढीगभर आहेत, म्हैसमाळच्या रस्त्याला शेळ्या-मेंढ्या. उघड्या माळावर सुद्धा पट्टा सोडू नका. साधा गळपट्टा यांच्या निमुळत्या डोक्यातून सरकून निघतो. रुंद पट्टा घ्या, जो ओढ बसली की आवळतो, नाहीतर छातीचा घ्या.

आणि लोकांच्या नजरा. सडपातळ कुत्रं बघून प्रत्येक जण विचारणार, "खायला देत नाही का?" उत्तर पाठ करून जा.

ढोकीचा_पाव्हणा
आमच्या मेव्हण्याला पण हेच विचारतात. त्याचंही उत्तर पाठ आहे.

हरिपाठी
विषय निघालाच आहे तर त्या डोंगराचा आणि कुत्र्याचा जुना संबंध सांगतो. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, नाथ महाराजांचे गुरू. गुरुवारी ते दत्ताच्या उपासनेत असायचे म्हणून किल्ल्याचं कामकाज त्या दिवशी बंद, असं आमच्याकडे सांगतात. कथा अशी की एकदा दत्तप्रभू मलंग फकिराच्या वेषात आले, बरोबर एक कुत्री. फकिरानं मातीच्या भांड्यात त्या कुत्रीचं दूध काढलं, त्यात भाकरी कुस्करली आणि जनार्दनस्वामींबरोबर एका पात्रात जेवला. एकनाथांना सांगितलं, भांडं धुऊन आण. एकनाथ लहान होते, पण गडबडले नाहीत. भांडं धुतलं आणि ते धुवण प्रसाद म्हणून पिऊन टाकलं. ती कुत्री म्हणजे कामधेनू.

खुलताबादजवळ शुलिभंजनला एकनाथांनी तप केलं, तिथे दत्ताचं देऊळ आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. बिजलीला देवळाच्या पायरीपर्यंत न्यायला मनात शंका आणू नका. गाभाऱ्यात मात्र नको, तिथल्या माणसांचा मान ठेवा.

नरसीकर
आणि आमचे नामदेव महाराज विसरलात? कुत्र्यानं भाकर पळवली तर तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. आत्ताची माणसं दगड घेऊन धावतात.

सावरगावची_सून
खंडोबा राहिला. माळेगावच्या यात्रेत घोडे-गाढवांचा बाजार बघायला लोक लांबून येतात, कुत्र्यांचं प्रदर्शन पण असतं. कारवानी बघायची तर तिथे. वाघ्या म्हणजे तरी कोण, देवाचं कुत्रंच की.

मांजराकाठ
वा! आईला हे सगळं वाचून दाखवलं. "कुत्रं कशाला" म्हणणारी तीच होती, आता शुलिभंजनचं तीच मला सांगते. पण द्राक्षाच्या मळ्याचं कुणीच बोललं नाही?

गुरांचा_डॉक्टर
मी बोलतो, आणि जरा लांब बोलतो, कारण धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

द्राक्ष कुत्र्याला घातक आहे. मनुका, बेदाणा त्याहून जास्त, कारण पाणी उडालेलं असतं आणि एका मुठीत बरंच पोटात जातं. मूत्रपिंडं निकामी होतात. सुरुवातीला उलटी, जुलाब, मलूलपणा, खाणं बंद. हे बहुतेक वेळा काही तासांत, पहिल्या दिवसातच दिसतं. मग एक-दोन दिवसांत लघवी कमी होत जाते. तिथपर्यंत आलं की हातात फार उरत नाही.

बरीच वर्षं नेमकं काय लागतं हे कळत नव्हतं. २०२१ च्या सुमारास अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षात ते भरपूर असतं. आता गंमत बघा, चिंचेतही तेच आम्ल असतं, आणि चिंच खाऊन कुत्र्यांना तसाच त्रास झाल्याच्या घटनांनीच हा धागा जुळायला मदत झाली. आपल्या मराठवाड्यात बांधावर चिंच, अंगणात चिंच, आमटीत चिंच. तेव्हा उरलेली आमटी कुत्र्याच्या ताटलीत ओतणं बंद करा. कांदा-लसूण तर तिला वेगळाच त्रास देतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

मळ्यात नेताना दुसरी भीती फवारणीची. बोर्डो मिश्रण असतं, बुरशीनाशकं, कीटकनाशकं असतात. कुत्रं गवत चाटतं, पाय चाटतं. फवारणी झालेल्या ओळीत नेऊच नका. शेतकऱ्याला विचारा, तो सांगतो. ठिबकच्या टाकीत खत सोडलेलं असतं, ते पाणी पिऊ देऊ नका. बांधावर लेकीबरोबर एकानं थांबावं, बिजली दुसऱ्याबरोबर रस्त्यावर. परत आल्यावर तिचे पाय धुवा.

शिवारातला
डॉक्टरसाहेब, मान राखून सांगतो. आमच्या बागेत तास-ए-गणेश वाणाची द्राक्षं होती तेव्हा बागेतली कुत्री खाली पडलेले मणी सर्रास खायची. एकही दगावलं नाही.

गुरांचा_डॉक्टर
तुमचं खोटं नाही. हाच तर घोळ आहे. आम्लाचं प्रमाण वाणानुसार, पिकण्याच्या अवस्थेनुसार बदलतं, आणि प्रत्येक कुत्र्याची सहन करण्याची ताकद वेगळी. एखादं किलोभर खाऊन शेपूट हलवत फिरतं, एखादं चार मणी खाऊन सलाईनवर येतं. आधी ओळखायची सोय नाही म्हणून सरसकट नको म्हणतो.

खाल्लंच तर: वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना. तिथे उलटी करवतात, नंतर कोळशाचं औषध, सलाईन, रक्तात क्रिएटिनिन बघतात, दोन दिवस तरी लक्ष ठेवतात. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानं वेगळंच संकट ओढवतं.

ढोकीचा_पाव्हणा
कोल्ह्याला आंबट, कुत्र्याला विषारी. द्राक्षवाल्यांनी रानातली सगळी भावकी अंगावर घेतलीय.

कडवंचीचा_पाहुणा
द्राक्षाचं शिवार मनापासून बघायचं असेल तर दौलताबादच्या जोडीला जालना जिल्ह्यातलं कडवंची घ्या. पाणलोटाचं काम झालं, शेततळी झाली, आणि कोरडवाहू गाव द्राक्षाचं झालं. बायकोचं माहेर तिकडचं, म्हणून जाणं असतं. दौलताबादला आता द्राक्ष पूर्वीइतकी राहिली नाही. सासऱ्यांना सांगा, गेल्यावर वाईट वाटून घेऊ नका. तिथे सीताफळ, अंजीर भेटेल. सीताफळ फेब्रुवारीत नसतं, ते दिवाळीच्या आगेमागे.

फेब्रुवारी म्हणजे काढणीचा काळ. ऑक्टोबरच्या छाटणीचा माल तेव्हा तयार असतो. शेतकरी घाईत असतो, व्यापारी दारात असतो. विचारून जा, मध्येच गाडी लावून फोटो काढू नका.

गंगापूरची_लेक
सासऱ्यांची आठवण खोटी नाही बरं का. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला होता, त्यानं लिहून ठेवलंय की इथे द्राक्षं आणि डाळिंबं आहेत आणि त्यांना वर्षातून दोनदा फळ येतं. म्हणजे तुघलकाच्या दिल्लीकरांना निदान एक गोष्ट तरी आवडली असेल.

त्यानंच किल्ल्यातल्या कैदखान्याचं लिहिलंय. तिथले उंदीर मांजरांपेक्षा मोठे, इतके की मांजरंच त्यांना घाबरून पळत. तेव्हा नियम बाजूला ठेवला तरी बिजलीला आत न्यायचं का, विचार करा.

पश्मीवाला
कारवानी पळणार नाही. उंदीर पळतील.

नाशिकचा_जावई
वाइनचं उत्तर राहिलं. भाऊ, दौलताबादचं द्राक्ष खायचं, प्यायचं नाही. वाइनचं द्राक्ष वेगळं, शेनिन ब्लाँ, शिराझ वगैरे, मणी बारीक, साल जाड, बिया असतात. सोनाका, माणिक चमन खाणाऱ्याला ते तोंडात धरवणार नाही. त्याचा कारभार नाशिकला. २००१ मध्ये राज्यानं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, त्यातून विंचूर आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क आले. समृद्धीवरून संभाजीनगर-नाशिक आता लांब वाटत नाही. काही वायनरींमध्ये बाहेरच्या हिरवळीवर कुत्र्यांना घेतात, काहींत नाही, आणि गर्दीच्या दिवशी नियम बदलतात. फोन केल्याशिवाय जाऊ नका. आणि द्राक्षाचा चोथा तिथे ढिगानं पडलेला असतो. डॉक्टरसाहेबांनी वर सांगितलंच आहे, आंबलेला चोथा म्हणजे द्राक्ष अधिक दारू, कुत्र्याला दोन्ही नको.

राईनकाठचा_नांदेडकर
मी जर्मनीत राईनच्या खोऱ्यात राहतो, घराबाहेर उतारावर द्राक्षाच्या ओळी. इथे वाइनच्या जुन्या गावात कुत्रं टेबलाखाली झोपलेलं असतं, वाढणारा आधी त्याला पाण्याचं भांडं आणतो, मग तुम्हाला विचारतो. रेल्वेत लहान कुत्रं पिशवीत फुकट, मोठ्याला तिकीट. ऐकायला छान वाटतं, पण ते कुत्रं भुंकत नाही, उडी मारत नाही, कारण मालक त्याला शाळेत नेऊन शिकवतो आणि त्याची घाण उचलतो. आपल्याकडे हक्काची चर्चा जोरात, पिशवी कुणाच्या खिशात नाही.

(आणि हो, माझा शेरू नांदेडलाच आहे. त्याला इकडे आणायचं तर चिप, रेबीजची लस, तिच्यानंतर तीस दिवसांनी रक्ततपासणी, मग तीन महिने थांबायचं. वडील म्हणाले, त्याला राहू दे, तूच ये.)

रोखठोक
नांदेडकरांच्या वडिलांशी मी सहमत आहे.

मोत्याची_आई
पिशवीचं मात्र पटलं. मी ठेवते. पण टाकायची कुठे, गावात कचराकुंडी सापडत नाही, मग ती पिशवी घेऊन मीच तीर्थयात्रा करते.

चिकलठाणेकर
राहण्याबद्दल. संकेतस्थळावर "पाळीव प्राणी चालतील" लिहिलेलं असतं आणि दारात गेल्यावर "लहान कुत्रं म्हणालो होतो" ऐकायला मिळतं. एका ठिकाणी आम्हाला रात्री नऊला हेच ऐकवलं. कुत्र्याची जात, उंची आणि वजन आधी मोबाईलवर लिहून पाठवा, तिकडून लेखी होकार घ्या. वेरूळ-खुलताबाद रस्त्यावर शेतातल्या निवासाच्या काही जागा आहेत, तिथे अंगण मिळतं, शहरातल्या हॉटेलपेक्षा ते बरं. अंगणाला कुंपण आहे का विचारा, कारवानीला चार फुटांचं कुंपण म्हणजे काहीच नाही.

रात्री बाहेर मोकळं सोडू नका. तिकडच्या डोंगरात बिबट्या आहे आणि कुत्रं त्याचं आवडतं खाद्य. गौताळा अभयारण्यात तर कुत्रं न्यायचंच नाही.

गुरांचा_डॉक्टर
आणखी थोडं. फेब्रुवारीत दुपारचं ऊन चांगलंच असतं. काळा दगड तापतो. हाताची पालथी बाजू दगडावर टेकवून बघा, पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचे तळवे भाजतात. बंद गाडीत काच खाली करून सुद्धा ठेवू नका, गाडी मिनिटांत तापते. कारवानी पगपेक्षा ऊन कितीतरी बरं सोसते, म्हणून गैरसमज नको. गोचीड तपासा, गवतातून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात. गोचीड तापाचे पेशंट माझ्याकडे वर्षभर असतात. रेबीजच्या लसीचं कार्ड गाडीत ठेवा. गावातल्या कुत्र्याशी झटापट झाली तर तेच आधी विचारतात.

मांजराकाठ
सगळ्यांचे आभार. ठरलेलं असं: किल्ला पाळीपाळीनं. सकाळी नवरा आणि लेक वर जातील, मी आणि आई बिजलीबरोबर अंबरकोटाच्या बाजूला. मग अदलाबदल, आई मेंढा तोफेपर्यंतच, पुढच्या चढाला तिचे गुडघे नकोत. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारात, मला तसंही जायचं नव्हतं, वटवाघळं. दुपारी मुक्कामाच्या ठिकाणी. संध्याकाळी शुलिभंजन. दुसऱ्या दिवशी कागजीपुऱ्यात हातकागद बघायचा आणि म्हैसमाळ. मळा जाताना कडवंचीचा, बिजली गाडीजवळ, नवऱ्याच्या ताब्यात. वाइन रद्द.

ढोकीचा_पाव्हणा
म्हणजे भाऊंना शिक्षा आणि बिजलीला सहल.

मांजराकाठ
त्यांना विचारलं, ते म्हणाले चालेल, पण येताना बीडला जेवायचं. शनिवारी पहाटे निघतोय. काही राहिलं असेल तर सांगा.

गंगापूरची_लेक
शनिवार नको! शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीला गर्दी, रविवारी वेरूळला गर्दी, आणि दोन्ही गर्द्या त्याच दिल्ली दरवाजातून जातात. मंगळवारी वेरूळ लेणी बंद असतात, रस्ता त्यातल्या त्यात मोकळा. सोमवारी निघा, मंगळवारी सकाळी किल्ला करा.

मांजराकाठ
सोमवारी लेकीची शाळा आहे. बघते बाईंशी बोलून.

रोखठोक
लेकीला माझ्याकडे ठेवा. ती कुणाच्याही हातचं खाते.